ऐकून तपासलेली अक्षरं

एके काळी माझ्या कॉम्प्युटरमध्ये अकराशेच्या वर फॉन्ट होते. त्यांतले निम्मे चोरीचे होते आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल मला खात्री नव्हती. कुणी सीडीत भरून दिलेले, कुणाच्या पेनड्राइव्हमधून आलेले, एखाद्या पुण्याच्या पाहुण्यानं जाताना ठेवलेले. फोल्डरची नावं 'नवीन', 'नवीन २' आणि 'खरंच नवीन' अशी होती. आज माझ्याकडे तेवीस फॉन्ट आहेत. प्रत्येकाचा परवाना जवळ आहे आणि कुठल्या वेबसाइटला कोणता वापरला, तेही लिहून ठेवलंय. पंचवीस वर्षांत अकराशेवरून तेवीसवर आले, ही मी माझी प्रगती समजते.

मी सोलापुरात, नवी पेठेतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर वेबसाइट करून देते. सुरुवात टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये झाली. मग छापखान्यांसाठी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला लागले आणि त्यातूनच वेबसाइटकडे वळले. लोकांना वाटतं, वेबसाइट म्हणजे रंग आणि फोटो. माझा निम्मा वेळ अक्षर शोधण्यात जातो. गिऱ्हाइकाला फॉन्टचं नाव माहीत नसतं, ते वर्णन सांगतं. मंद्रूपच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांना 'हसणारं अक्षर' हवं होतं. उजनीच्या पाण्याकाठचे एक केळी बागायतदार आले, त्यांनी तर हात पसरून दाखवलं.

"ताई, आमचं अक्षर केळीच्या घडागत पायजे. भरल्यालं. पन लांबनं वाचाय आलं पायजे."

मी त्यांना सतरा नमुने दाखवले. "ह्यो न्हाय. ह्यो बी न्हाय." अठराव्याला ते खुर्चीतून उठलेच. "व्हय, ह्योच की!" तो अठरावा म्हणजे पहिलाच होता, मी फक्त जाड केला होता. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांची वेबसाइट छान चालू आहे.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण माझ्या कामाचा अर्थ मला ज्यांनी शिकवला, त्या येमूल सरांची गोष्ट सांगायची राहून जाऊ नये, म्हणून हे लिहायला घेतलं.

त्याआधी आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगायला हवं. पूर्वी कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. मग हुशार लोकांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांची चित्रं काढून टाकली आणि त्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवली. तुम्ही इंग्रजी 'के' दाबला की पडद्यावर 'क' उमटायचा. आपण 'क' वाचायचो, पण कॉम्प्युटरच्या लेखी तो 'के'च होता. छापायला हे पुरेसं होतं. कागदाला आत काय आहे त्याच्याशी काय करायचंय? पुढं युनिकोड आलं आणि मराठीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. मग 'क' हा आतूनही 'क' झाला. पण आमच्यासारख्यांच्या वर्षानुवर्षांच्या फायली जुन्या पद्धतीच्याच राहिल्या.

आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयाची वेबसाइट मी केली होती. हे वाचनालय दर वर्षी स्वतःचा एक वार्षिक अंक काढतं. त्यांचे गेल्या कितीतरी वर्षांचे अंक मी पूर्वी टाइप करून दिले होते, आणि त्याहून जुने अंकही त्यांनी हौसेनं माझ्याकडून पुन्हा टाइप करून घेतले होते. सगळा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये. तो नव्यानं करायचा कंटाळा आला म्हणून मी एक युक्ती केली. जुना फॉन्टच वेबसाइटमध्ये आतून जोडून दिला. उघडली की सुंदर मराठी दिसायची. समितीनं माझा नारळ देऊन सत्कार केला. मीही चार ठिकाणी सांगत सुटले की बघा, किती थोडक्यात काम केलं.

सहा वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी जिन्यावर काठीचा टकटक आवाज आला. दारात पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ उभे राहिले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळा चष्मा, खांद्याला लॅपटॉपची बॅग.

"वाचनालयाची वेबसाइट तुम्हीच केली ना मॅडम?"

"हो, मीच. या ना." मला वाटलं, कौतुक करायला आलेत.

"मी येमूल. बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहे. मॅडम, तुमची वेबसाइट तुम्ही कधी ऐकली का?"

"ऐकली म्हणजे?"

त्यांनी टेबल चाचपून लॅपटॉप ठेवला, उघडला आणि भराभर कळा दाबल्या. ज्यांना दिसत नाही, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो. त्यांनी एका वर्तमानपत्राची बातमी लावली. यंत्रातली बाई स्वच्छ मराठीत बोलली. मग त्यांनी वाचनालयाचं पान उघडलं. तीच बाई म्हणाली, "एल, ई, डॉलर, कंस सुरू, क्यू, स्लॅश, एस, एस, कंस पूर्ण..."

मी हसले. मग त्यांच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं आणि थांबले.

"सहा महिने मला वाटत होतं, माझा लॅपटॉपच बिघडलाय," ते म्हणाले. "दोघा-तिघांना दाखवला. ते म्हणायचे, सर, छान मराठी दिसतंय की! शेवटी एकानं सांगितलं, लॅपटॉप चांगला आहे, वेबसाइट मुकी आहे."

मी त्या वेबसाइटचा किती विचार केला होता! मोबाइलवर नीट दिसावी, इंटरनेट हळू असलं तरी उघडावी, म्हाताऱ्या माणसांसाठी अक्षर मोठं करायचं बटणही ठेवलं होतं. दिसणं सोडून दुसरं काही असतं, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. मी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "सर, चूक माझी आहे. दुरुस्त करते."

आधी समितीची परवानगी हवी होती. अध्यक्ष निवृत्त वकील. त्यांनी वेबसाइट उघडून वर-खाली केली आणि म्हणाले, "सगळं नीट तर दिसतंय. मग बदलायचं कशासाठी?"

येमूल सर शांतपणे म्हणाले, "साहेब, मला दिसत नाही, तेवढीच अडचण आहे."

वकीलसाहेब एकदम गोरेमोरे झाले. परवानगी तिथल्या तिथं मिळाली.

मग मी साधनं शोधायला लागले. जुन्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं इंटरनेटवर मिळतात. कुणी कुणी निरपेक्षपणे करून ठेवलेली असतात. पण प्रत्येक जुन्या फॉन्टची मांडणी निराळी, म्हणून प्रत्येकाला वेगळं साधन लागतं. मी त्या अंकांसाठी वर्षावर्षाला आवडेल तो फॉन्ट बदलत गेले होते. एकूण चार निघाले. तिघांची साधनं मिळाली, चौथ्याचं कुठंच मिळेना. शेवटी मी स्वतःच वहीत तक्ता मांडून बसले. कुठल्या कळेवर कुठलं चित्र, एकेक करून. तरुणपणी नटवं अक्षर हवं म्हणून तो फॉन्ट निवडला होता, त्याची शिक्षा अशी मिळाली.

आणि ही साधनं चुका करतात. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, रफार अक्षरानंतर. साधनाला हे नीट उमजलं नाही की 'कविता'ची 'किवता' होते आणि 'धर्म'चा 'धमर्'. मध्येच आलेल्या इंग्रजी शब्दांचंही ते मराठी करून टाकतं आणि भलतंच काही समोर येतं. अशा चुका हजारोंनी. डोळ्यांनी शोधायला बसलं, तर डोळा आपोआप बरोबर करून वाचतो. सवयच असते त्याला.

कानाला ती सवय नसते. हे येमूल सरांमुळे कळलं.

बँकेला सुट्टी असेल त्या शनिवारी ते यायचे. मी वर्षाचा अंक रूपांतर करून द्यायची, ते कानाला हेडफोन लावून ऐकायचे. यंत्रातली बाई त्यांच्यासाठी इतक्या वेगानं बोलायची की मला एक अक्षर कळायचं नाही. मध्येच हात वर करायचे.

"थांबा. 'कायर्क्रम' म्हणाली. रफार पुढं गेलाय."

"हो, गेलाय."

"पुढच्याच ओळीत 'सुर्य' पहिल्या उकारानं. ही यंत्राची चूक नाही मॅडम, तुमची आहे."

मी लेखकाचं हस्तलिखित काढून बघायची. त्यात 'सूर्य' असायचा. चूक माझीच असायची. अशा माझ्या स्वतःच्या टायपिंगच्या चुका त्यांनी पहिल्या दोन महिन्यांतच शंभरावर काढल्या. मी टायपिंगच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिली आलेली बाई. पण त्यांचं सांगणं असं असायचं की राग यायचा नाही. तीस वर्षं ते बँकेच्या टेलिफोन बोर्डावर बसून लोकांना फोन जोडून देत होते. नुसत्या 'हॅलो'वरून गिऱ्हाईक ओळखायचे. बोर्ड गेला, थेट नंबर आले, तेव्हा बँकेनं त्यांच्यापुढं कॉम्प्युटर ठेवला. "आधी लोकांचं बोलणं ऐकायचो, आता अक्षरं ऐकतो," असं म्हणायचे.

आम्ही नव्याकडून जुन्याकडं एकेक वर्ष मागं जात होतो. ऑगस्टच्या सुमारास मी एका अंकाचं वर्ष सांगितलं, तेव्हा ते हेडफोन काढून बसले.

"ह्या अंकात माझ्या अक्काचा लेख आहे," ते म्हणाले.

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, लक्ष्मी. चार वर्षांनी मोठी. त्यांचं घर साखर पेठेत, घरी मागावरचं विणकाम. अक्का कॉलेजात होती तेव्हा वाचनालयाच्या निबंध स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं. विषय होता 'माझा भाऊ'. निबंध अंकात छापून आला आणि तिनं तो घरी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला.

"मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा असेन. लई छान वाचला तिनं. पण एका ठिकाणी तिचा आवाज बदलला. छापलेलं एक आणि वाचतोय दुसरंच, अशा वेळी माणूस जरा थांबतं. ते मला तेव्हाच कळलं होतं. विचारलं नाही."

"मग नंतर कुणाकडून वाचून घ्यायचा होता की," मी म्हणाले.

"वाचून दाखवणारे लई भेटले मॅडम आयुष्यात. मला वाचायचाय."

मग मला कळलं, सहा महिने ते त्या वेबसाइटपाशी का घुटमळत होते. आणि तरीही मार्चपासून त्यांनी एकदाही 'तो अंक आधी करा' म्हटलं नव्हतं. मी त्याच दिवशी तो अंक वेबसाइटवर चढवला. "घरी जाऊन वाचतो," म्हणाले आणि गेले.

मी तो लेख टाइप केला होता, पण त्यात काय होतं ते मला आठवत नव्हतं. टाइप करणाऱ्याच्या बोटांतून मजकूर जातो, डोक्यात थांबत नाही.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता.

"मॅडम, एक शब्द तपासायचाय. अक्काच्या लेखात तिसऱ्या परिच्छेदात. बाजारातली गोष्ट आहे. मी सात वर्षांचा होतो, तिच्याबरोबर बाजारात गेलो आणि हरवलो, ती. ती वाचताना म्हणाली होती, 'गर्दीत त्याचा हात सुटला.' इथं बाई म्हणतीय, 'सोडला'. तुमच्या टायपिंगची चूक असंल बहुतेक. जरा बघून सांगता का?"

मी वाचनालयात गेले. जुने अंक कापडी बांधणीत एकत्र बांधलेले आहेत. तो खंड काढला, पान उघडलं. तिसरा परिच्छेद. 'गर्दीत मी त्याचा हात सोडला.' आणि पुढं आणखी एक वाक्य होतं. 'मी एका दुकानाच्या फळीआड उभी राहिले आणि तो मला हाका मारत असताना गप्प राहिले, कारण मला रोज रोज त्याला घेऊन फिरायचा कंटाळा आला होता.'

म्हणजे तिनं वाचताना एक शब्द बदलला होता आणि पुढचं वाक्य गाळलं होतं.

मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ग्रंथपाल बाईंनी पाणी आणून दिलं. माझ्यापुढं सोपी वाट होती. 'हो सर, माझीच चूक' एवढं म्हणायचं. माझ्या शंभर चुका त्यांनी काढल्याच होत्या, त्यात एकशे एकावी. एक शब्द बदलायचा, एक वाक्य काढायचं. बांधलेला खंड कोण उघडून बघणार होतं? सर तर नक्कीच नाही. मी काम बरोबर केलं होतं, आणि चुकलं म्हणावं असं वाटण्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ.

पण मग त्यांनी वाचलं असं कसं झालं असतं? मी पुन्हा एकदा त्यांना वाचून दाखवल्यासारखंच झालं असतं, अक्कानं दाखवलं तसं.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन फोन लावला.

"सर, चूक नाही. छापील अंकात 'सोडला' असंच आहे."

"आणि पुढचं वाक्य?"

"तेही आहे."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या सुट्टीच्या शनिवारी ते आले नाहीत. मी रूपांतराचं काम उघडून बसले, पण दोन ओळींच्या पुढं गेले नाही. घरी माझे मिस्टर म्हणाले, "एवढं खरं बोलायची काय गरज होती?" आपण कुणाच्या तरी घरात नसती ढवळाढवळ केली, असं वाटत राहिलं. फोन करायचा धीरही होईना.

पंधरा दिवसांनी जिन्यावर काठीचा आवाज आला, आणि त्याच्याबरोबर चपलांचाही. येमूल सरांच्या मागं साठीच्या बाई होत्या. उंच, पिकलेले केस, हातात कापडी पिशवी. त्या हैदराबादहून आल्या होत्या.

"ही अक्का," सर म्हणाले.

अक्का खुर्चीत बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. त्यांच्या मराठीला तेलुगूचा हेल होता. "यानं मला फोन करून माझाच निबंध वाचून दाखवला. पूर्ण. मी एवढी रडले की सूनबाई घाबरली. मी म्हटलं, आता तू माझ्याशी बोलू नको. तर म्हणतो कसा, त्यात काय, मी घरी आलो होतो की!"

सर हसत होते. "मला आधीच वाटत होतं मॅडम. माझा हात सुटला नव्हता. सुटणारा हात आधी घट्ट धरतो. हिनं सैल केला होता. इतकी वर्षं मला तेवढंच बघायचं होतं, की हिनं ते लिहिलंय का. लिहिलं होतं. वाचायला नाही जमलं, तर नाही."

"छापून आलं त्या दिवशी मला वाटलं होतं, वाचून दाखवीन," अक्का म्हणाल्या. "सगळे समोर बसलेले. तोंडातून निघालंच नाही. मग पुढं कधीच नाही."

मग त्यांनी पिशवीतून कागद काढला. त्यांना लेखात एक वाक्य घालायचं होतं. मी नाही म्हणाले. जुना छापील मजकूर आहे तसाच ठेवायचा, हा नियम आम्ही ठरवला होता. नाहीतर सगळेच लेखक आपापले जुने लेख सुधारायला येतील. अक्कांचा चेहरा पडला. मग मी सुचवलं की लेख संपल्यावर रेघ मारून खाली टीप देता येईल. लेखिकेची, आजच्या तारखेची. समितीला मी सांगेन.

अक्कांनी कागद परत घेतला, खोडलं, पुन्हा लिहिलं. मी टाइप केलं. सरांनी हेडफोन न लावता, सगळ्यांना ऐकू येईल असं लावलं, आणि यंत्रातली बाई म्हणाली:

"लेखिकेची टीप. त्या दिवशी माझा भाऊ एकटाच घरी आला. तो कसा आला, हे मी त्याला आजपर्यंत विचारलेलं नाही."

"चूक नाही," सर म्हणाले. "चढवा."

मी ते चढवलं. मागं वळून बघितलं, तर अक्का खुर्ची ओढून त्यांच्याजवळ सरकल्या होत्या आणि तेलुगूत काहीतरी विचारत होत्या. सर सांगायला लागले. मला तेलुगू येत नाही. पण त्यांचा उजवा हात हवेत वळत होता, कधी डावीकडं, कधी उजवीकडं, आणि प्रत्येक वळणावर थांबून ते टेबलावर बोटांनी मागाचा ठेका धरत होते. एका वळणावर जलद, दुसऱ्यावर संथ, तिसऱ्यावर मध्येच अडखळणारा. सात वर्षांचा मुलगा गल्ल्यांमधले माग ऐकत ऐकत घरी आला होता. शेवटचा ठेका त्यांनी धरला तेव्हा अक्कांनी तो ओळखला असावा, कारण त्यांनी टेबलावर हात ठेवून तो त्यांच्याबरोबर वाजवायला सुरुवात केली.